टिलरच्या मिशा

सखा मोकलला गावात सगळे फार मान द्यायचे आणि त्याचाच त्याला भयंकर राग यायचा. लग्नाच्या मांडवात तो शिरला रे शिरला की कुणीतरी धावत येऊन सतरंजी झटकायचं, "सखाभाऊ, तुमी बसा." कुणाचं घर शाकारायचं असो की विहिरीतला गाळ काढायचा असो, सखा धोतर खोचून पुढं झाला की चारी बाजूंनी तेच, "तुमी बसा वो!" बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसायचं, पण या बसा-बसानं त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. "मी काय खुडूक कोंबडी हाय का सारखं बसायला?" असं तो घरी येऊन बायकोवर ओरडायचा. बायको जया शांतपणे भाताचं तपेलं उतरवत म्हणायची, "आदी जेवून घ्या."

सखाचा डावा हात कोपरापासून नव्हता. खोपोलीच्या अलीकडं एका कारखान्यात तो फिटरच्या हाताखाली होता, तेव्हा एक दिवस बाही पट्ट्यात गेली आणि बाहीच्या मागोमाग हात गेला. पट्टा थांबवायचा खटका पलीकडच्या भिंतीवर होता आणि पलीकडं त्या वेळी कुणी नव्हतं. एवढीच त्याची हकीकत. त्या दिवसाबद्दल जया पुढं कधी एक अक्षर बोलली नाही. कारखान्यानं त्याला फाटकावर ठेवला. तिथंही स्टुलावर बसायचंच काम होतं.

कुंभिवलीच्या पल्याड, पुण्याचा हमरस्ता सोडून आत गेलं की सखाची भाताची खाचरं लागायची. पायऱ्यांसारखी एकाखाली एक. हात गेल्यापासून दर आषाढात जयाचा धाकटा भाऊ पदू आपली बैलजोडी घेऊन यायचा आणि चिखलणी करून द्यायचा. पदू म्हणजे सोन्यासारखा पोरगा. पण चिखलात उतरण्याआधी तोही इरलं पाठीवर घेत तेच म्हणायचा, "दाजी, तुमी बांधाव बसा." स्वतःच्या बापानं खणलेल्या खाचराच्या बांधावर सखा पाहुण्यासारखा बसायचा आणि पदूचे बैल फिरताना बघायचा.  एकदा तरी आपलं शेत आपण लावायचं, नाहीतर ते आपलं कसलं, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. एका हातानं नांगर धरून पाहिला, तेव्हा बैल त्याला ओढ्यापर्यंत फरफटत घेऊन गेले. तो नाद सुटला.

मग एकोणऐंशीच्या शिमग्यानंतर त्याला सोसायटीच्या गोदामात तो टिलर दिसला.

गावोगावी तेव्हा हे पॉवर टिलर आले होते. पुढं इंजिन, खाली दोन चाकं, मागं माती घुसळणारे फिरते फाळ आणि सायकलीसारख्या दोन लांब मुठी. मुठी धरून मागून चालायचं. गावच्या सोसायटीनंही हौसेनं एक आणला, पण चिखलात तो कुणाला आवरेना, तेव्हा पोत्यांच्या मागं ढकलून दिला. सखानं तो मागितला. पंच मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. दोन हातांच्या गड्यांना जे जमलं नाही ते हा एका हातानं करणार! पण नाही कोण म्हणणार? मान द्यायची सवय त्यांना इथं नडली. टिलर सखाच्या मागीलदारी येऊन पडला.

जयानं टिलरकडं असं बघितलं, जणू कुणी घरात साप आणून ठेवलाय.

"अगं, इंजिन चांगलं हाय," सखा म्हणाला.

"असंल. पन माजं ऐका. खाचरात बाया असत्यात, पोरं असत्यात, म्हशी असत्यात. बैलाम्होरं मानूस आलं तर बैल थांबतो, त्याला डोळं हायत. म्होरं मानूस बघून जे थांबत नाय, ते आपल्या खाचरात उतरायचं नाय. मी उतरू देनार नाय."

जयाचं 'नाय' म्हणजे नाय. 

खटपट मात्र सुरू झाली. फाटकावरची पाळी संपली की तो घरी यायचा आणि टिलरच्या पोटात डोकं घालायचा. इंजिन बोलायला लागलं. जया तेवढी माहेरी गेली ती संधी साधून त्यानं तो कोरड्या वावरात नेला, आणि तिथं खरी गंमत कळली. टिलरला वळवायला दोन्ही मुठींखाली एकेक खटका असतो. डावा दाबला की डावीकडं, उजवा दाबला की उजवीकडं. आता डावा हातच नाही म्हटल्यावर डावा खटका दाबणार कोण? टिलर उजवीकडं वळला, परत उजवीकडं वळला, आणि सखा त्याच्यामागं गोल गोल फिरत राहिला. बांधावर जमलेली मंडळी पोट धरधरून हसली. कुणी म्हणालं, सखाभाऊ घाण्याला जुंपलाय, तेल कधी निघतंय बघा. हसले म्हणून सखाला उलट बरं वाटलं. निदान 'बसा' तरी कुणी म्हणालं नाही.

ठाकूरवाडीचा पोशा त्या घोळक्यात होता. डोंगरातून बांबू आणून टोपल्या, इरली विणणारा माणूस, सखाचा लहानपणापासूनचा दोस्त. सगळे पांगल्यावर तो टिलरजवळ येऊन उकिडवा बसला.

"सखा, यो आंधळा हाय ना रं?"

"मंग? यंत्राला कुठं डोळं असत्यात?"

"आंधळा मानूस काय करतो? काठी घेतो. काठी बांधाला लावून लावून चालतो."

सखानं मांडीवर थाप मारली. यंत्राला डोळे नकोत, काठी पाहिजे! दोघं मिळून कामाला लागले. पोशानं एक चिवट बांबू तासून टिलरच्या डाव्या अंगाला आडवा बसवला, मांजराच्या मिशीसारखा बाहेर आलेला. डाव्या खटक्याला सखानं सायकलची जुनी ट्यूब बांधली. ती ट्यूब टिलरला सारखी थोडी थोडी डावीकडं ओढायची. टिलर बांधाजवळ गेला की मिशी बांधाला टेकायची, मागं दाबली जायची आणि तिची दोरी उजवा खटका ओढायची. टिलर परत सरळ. अशी ओढाताण करत तो बांधाच्या कडेकडेनं आपला आपण चालायचा. आतल्या फेरीला मिशी तेवढी आणखी लांब बाहेर ओढून घ्यायची. समोरही खाली एक बांबू, कोपऱ्यातल्या बांधाला टेकला की टिलरला उजवीकडं फिरवणारा. आणि जयाचा हट्ट म्हणून त्याच्या वर, माणसाच्या मांडीच्या उंचीवर आणखी एक. त्याला जरा धक्का लागला की क्लच सुटायचा आणि टिलर जागच्या जागी उभा. बुटकं काही लागलं तर वळ, उंच लागलं तर थांब. सखाला तर हे इतकं आवडलं की फाटकावर स्टुलावर बसल्या बसल्या तो येणाऱ्या-जाणाऱ्याला काडीनं जमिनीवर चित्र काढून समजावायचा.

पावसानं खाचरं भरली. पहिला प्रयोग सखानं जयाला न विचारताच केला, वरच्या खाचरात. टिलर सोडला आणि स्वतः बांधावर उभा राहिला. टिलर एकटा चालला! भुरभुर पावसात, चिखल घुसळत, बांधाला मिशी घासत, कोपऱ्यात शहाण्यासारखा वळत. बघायला आलेल्यांची तोंडं उघडीच राहिली. सखाची छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी. "बगा," तो म्हणाला, "मी हात बी लावत नाय."

आणि तिथंच घोटाळा झाला. प्रत्येक खाचराच्या बांधाला एक खांड असते. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी खालच्यात उतरावं म्हणून तेवढ्यापुरता बांध फोडून ठेवलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या सगळे ती ओलांडतात, म्हणून ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. टिलरची मिशी खांडीपाशी आली आणि टेकायला बांधच सापडेना. ट्यूबनं ओढलं डावीकडं. टिलर बिनघोर वळला, खांडीतून धाडकन खाली उतरला आणि शेजारच्या गोदूबाईच्या खाचरात शिरला.

गोदूबाई सखाची चुलती. याच बांधावरून दोन घरांत बोलचाल बंद. बांध तुझा का माझा, हा वाद सखाच्या बापाच्या वेळेपासूनचा. ती नेमकी खाचराच्या मधोमध इरलं घेऊन उभी होती. टिलर फडफडत सरळ तिच्या अंगावर निघाला. सखा ओरडत, घसरत, पडत मागं धावला. माणसं 'काकी, सर, सर!' करून बोंबलली. पण गोदूबाई हटून हटून हटणार कुणापुढं? ती तशीच उभी राहिली. वरचा बांबू तिच्या मांडीला टेकला आणि टिलर थांबला.

सखा धापा टाकत येऊन पोचला. आता काय ऐकावं लागतंय म्हणून त्यानं मान खाली घातली.

गोदूबाईनं आधी टिलरकडं बघितलं, मग मागं चिखलाच्या पट्ट्याकडं बघितलं. पट्टा झकास घुसळला गेला होता.

"माज्याकडं बगून थांबला," ती म्हणाली. "सख्या, तुज्यापरीस याला रीतभात हाय." आणि मग जरा थांबून, "आता आलाच हाय तर निम्म्यावर का ठेवतोस? पुरं कर."

सखानं पुरं केलं. काकीनं त्याला वाटीभर गुळाचा चहा पाजला आणि बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. खांडीत काम होईपर्यंत एक बांबू आडवा ठेवायचा, एवढं तो शिकला.

संध्याकाळी तो तरंगतच घरी आला. गावभर बातमी झाली होती. जयाच्या कानावरही सगळं गेलं होतं. तो सांगत होता, ती ऐकत होती. त्याचं सांगून संपल्यावर ती म्हणाली,

"काकी उभी होती."

"व्हय. मंग?"

"बसली असती तर?"

सखाला पटकन कळलं नाही.

"लावनी करताना बाया वाकत्यात. पोर चिखलात बसतं. कुनी घसरून पडतं. बसलेलं मानूस बांधाएवढंच की वो. त्याला बघून थांबंल का?"

सखाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं केलं, गाव नावाजतंय, आणि ही बया खुसपट काढत बसलीय! थांबणार नाही तर वळेल, दुसरं काय, असं तो फणकारून बोलला. पण झोप काही नीट लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गवत भरून एक बुजगावणं केलं, त्याला आपलाच जुना सदरा घातला आणि खाचरात बसवलं. टिलर सोडला. खालचा बांबू बुजगावण्याला लागला. बांध असता तर घट्ट राहिला असता, हे गवताचं माणूस चिखलात मागं रेललं. टिलर जेमतेम तिरका झाला आणि चाक त्याच्यावरून गेलं. मागच्या फाळांनी सदरा ओढून घेतला, बाहीसकट.

सखा ते बघत उभा राहिला. त्यानं टिलर बंद केला आणि खाचरातून बाहेर येऊन गपचूप हात धुतला. जया बांधावर होती. ती एक शब्द बोलली असती तर तो तिथंच रडला असता.

त्यानंतर टिलर मागीलदारी पोत्याखाली पडून राहिला. रोपं वीतभर झाली, शेजारच्यांच्या लावण्या सुरू झाल्या. पदूचा निरोप आला, गुरुवारी बैल घेऊन येतो, दाजींनी काही दगदग करू नये. सखा निरोप्याला चहा घ्या म्हणाला आणि उठून पडवीत गेला. या साली तरी बांधावर बसायचं नाही, असं त्यानं ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. आता गुरुवारी सगळं गाव येताजाता बघणार.

पोशा इरली विकायला आला, तेव्हा सखा टिलरकडं पाठ करून बसला होता. पोशानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यात काय? वरच्या बांबूपासून खाली पान्यापावतर कामट्या सोडू. पडद्यासारख्या. बसलेलं, पडलेलं, काय बी लागू दे, क्लच सुटंल."

"आनि कोपऱ्यातला बांध? तोबी लागंल. दर कोपऱ्याला थांबंल त्यो. मंग त्याला वळवायचं कुनी?"

"तू हायस की."

सखा चिडलाच. मग त्यात आपलं आपण चालणं कुठं राहिलं? बांधावर उभं राहून 'मी हात बी लावत नाय' म्हणायची सगळी ऐटच गेली. कोपऱ्या-कोपऱ्याला चिखलात उतरायचं, उजवा खटका दाबायचा, क्लच लावायचा, परत मागून चालायचं. पोशाला तो बराच वेळ तणतणत हे ऐकवत होता, आणि ऐकवता ऐकवता मधेच गप्प झाला. चिखलात उतरायचं, उजव्या हातानं खटका दाबायचा, मागून चालायचं. अरे, हेच तर हवं होतं त्याला! यंत्र एकटं फिरलं असतं तर तो कुठं असता? बांधावरच, पदूच्या बैलांऐवजी टिलर बघत. आपल्याला न लागणारं यंत्र बनवायच्या नादात आपण पुन्हा आपल्याला बांधावरच बसवत होतो, हे लक्षात आल्यावर सखाला स्वतःचं हसू आलं. मोठ्यानं हसला तो. पोशाला वाटलं, याचं डोकं फिरलं.

कामट्या पातळ तासल्या. गवताच्या काडीला वाकतील पण पिंडरीला, गुडघ्याला, पाठीला टेकल्या की मागं ढकलल्या जातील, अशा. चाकांच्या दोन हात पुढं, पाण्याला टेकतील न टेकतील इतक्या लांब. गावानं लगेच नाव ठेवलं, टिलरला आता पुऱ्या मिशा फुटल्या. सखानं बुजगावणं बसवून पाहिलं, आडवं टाकून पाहिलं, शेवटी एक मडकं ठेवून पाहिलं. प्रत्येक वेळी कामट्या टेकायच्या, क्लच सुटायचा, टिलर जागेवर धडधडत उभा. मडक्याला तडासुद्धा गेला नाही. जया सगळं बघत होती.  सखानं विचारलं, "आता उतरवू का?" तर म्हणाली, "बगू."

बुधवारी सकाळी पावसानं जोर धरला होता. सखानं न राहवून टिलर मोठ्या खाचरात घातला. डोक्यावर इरलं, नजर समोरच्या इंजिनावर आणि डावीकडच्या मिशीवर. मुठीला हात लावायचा नाही, नुसतं मागून चालायचं. कोपरा आला, टिलर थांबला. सखानं उजवा खटका दाबला, वळवला, क्लच लावला. पुन्हा कोपरा, पुन्हा तेच. चिखल गुडघ्यापर्यंत, पाणी मानेवरून आत. बऱ्याच वर्षांनी पोटऱ्या दुखायला लागल्या आणि त्या दुखण्यानं त्याला इतका आनंद झाला की तो स्वतःशीच गुणगुणायला लागला. आपलं खाचर, आपले पाय, आपला हात.

खाचराच्या मधेच टिलर थांबला.

सखा दचकला. इथं तर कोपरा नाही. दगड असेल, नाहीतर ओंडका वाहून आला असेल. तो इंजिनाला वळसा घालून पुढं गेला.

चिखलात जया बसली होती. मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर, पदर डोक्याला गुंडाळलेला. कामट्या तिच्या छातीला टेकल्या होत्या. तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

 सखा असा ओरडला की चार खाचरांपलीकडं ऐकू गेलं. "येडी हायस का गं तू? अगं, सांगायचं तरी! मी मागं होतो, मला दिसलं बी नाय!"

"सांगितलं असतं तर तुमी क्लचवर हात ठेवला असता," जया म्हणाली. तिचे दात पावसानं वाजत होते की आणखी कशानं, कुणास ठाऊक. "मला त्याचं बगायचं व्हतं. तुमचं नाय."

तिनं डोळे उघडले. समोर लोंबणाऱ्या कामट्यांवरून हात फिरवला, अगदी हळू, तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा.

"थांबला वो," ती म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली. "तवा तुमच्या हाताम्होरं कुनी चार कामट्या बांदल्या असत्या तर..."

 ती त्या चिखलात बसून हुंदके देऊन रडायला लागली आणि सखाही तिच्यासमोर गुडघ्यावर बसून रडला. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही, दिसलं असतं तरी दोघांनाही त्याची पर्वा नव्हती. टिलर बाजूला धडधडत त्यांची वाट बघत उभा होता.

मग सखानं उजवा हात पुढं केला आणि तिला उठवलं. "जा, बांधाव जा," तो म्हणाला, "अजून दोन फेऱ्या हायत."

जया बांधापर्यंत गेली. तिथं ठेवलेली रोपांची एक जुडी तिनं उचलली, तिचा बंध सोडला आणि तशीच परत चिखलात उतरली. टिलर पलीकडच्या कडेनं चालला होता आणि अलीकडं, त्याच खाचरात, त्याच्याकडं पाठ करून ती लावणीला वाकली.